ॲपने खातं गोठवलं: ग्राहक आयोग की दिवाणी दावा?

कोथरूडच्या मावशीचं खातं एका ॲपने संशयित ठरवून गोठवलं. विचारलं की उत्तर एकच: ‘निर्णय सिस्टिमचा आहे.’ अशा कंपनीला जाब विचारायलाच हवा, पण कुठे?

ग्राहक आयोगात, सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकिलाची सक्ती नाही. मुदत २ वर्षं. दिवाणीत कोर्ट फी, वकील, शिवाजीनगर कोर्टाच्या खेपा. पैशाच्या दाव्याला मुदत सहसा ३ वर्षं.

खरी अडचण पुराव्याची. नोंदी कंपनीकडेच असतात. त्या मागवणं, साक्षीदाराची उलटतपासणी दिवाणीत नीट होते. तरी स्क्रीनशॉट जपाच. चॅटबॉटच्या चुकीच्या माहितीबद्दल २०२४ मध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीला भरपाई द्यावी लागली. ‘चॅटबॉट स्वतंत्र आहे’ हा बचाव टिकला नाही.

रक्कम छोटी, चूक उघड असेल तर आयोग. डिलिव्हरीवाल्या पोराचा आयडी बंद झाला, तर तो कंपनीचा ग्राहक नाही. त्याने दिवाणी वकील गाठावा.