एम.ए.ला सार्वजनिक अर्थशास्त्र की सार्वजनिक आयव्यय?

बी.ए. संपवून ताळगाव पठारावर (गोवा विद्यापीठात) किंवा पुण्याला एम.ए.ला जायच्या तयारीत असलेली मुले हा प्रश्न नेहमी विचारतात. नावे वाचून विषय एकच वाटतो, आणि काही ठिकाणी तो असतोही. म्हणून पेपरच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम उघडून बघा. सॅम्युएल्सन, ॲरो, मिरलीस या अर्थशास्त्रज्ञांची नावे आणि त्यांच्या जोडीला कलन (कॅल्क्युलस) दिसले, तर ते सार्वजनिक अर्थशास्त्र, म्हणजे सिद्धांताची वाट. वित्त आयोग, तूट, कर्ज, जीएसटी, अर्थसंकल्पाची रचना दिसली, तर तो आयव्यय, म्हणजे सरकारी जमाखर्चाची वाट.

फरक समजायला खाजनाचा बांध घ्या. मांडवी-झुवारीच्या काठची खाजन शेते भरतीच्या पाण्यापासून मातीच्या बांधाने राखलेली असतात. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून पाणी आत-बाहेर सोडतात. बांध मजबूत असला की आतल्या प्रत्येकाचे शेत वाचते, ज्याने दुरुस्तीला एक दिवसही दिला नाही त्याचेसुद्धा. सार्वजनिक वस्तू म्हणतात ती हीच. सॅम्युएल्सनने १९५४ साली तिची अट मांडली: लाभ सगळे एकाच वेळी घेतात, म्हणून सगळ्यांच्या सीमांत लाभांची (बांध आणखी थोडा वाढवल्याने प्रत्येकाला होणाऱ्या जादा लाभाची) बेरीज करायची आणि ती सीमांत खर्चाला, म्हणजे त्या वाढीच्या जादा खर्चाला, गाठेपर्यंत बांध वाढवायचा. बाजारात ही बेरीज होत नाही, कारण आपला लाभ खरा सांगितला तर वर्गणी वाढेल हे प्रत्येकाला कळते. मग लोकांकडून खरे काढून कसे घ्यायचे? सिद्धांताच्या वर्गात या एका प्रश्नावर आठवडे जातात, आणि ते जायलाच हवेत.

आयव्ययाच्या वर्गात तोच बांध आला की प्रश्न बदलतात. पूर्वी बांध गावकारी (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) सांभाळायची, कूळ कायद्यानंतर जबाबदारी कूळ संघांकडे आली. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. ते पैसे बांधावर किती खर्च होतात? दुरुस्तीचा किती भार सरकारने उचलावा? खारे पाणी आत राहिले तर मासळी वाढते आणि भात मरते, मग दार कधी उघडायचे हे ठरवायचे कोणी? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळाले ते अशाच सामाईक साधनांच्या कारभारावरील कामासाठी. गोव्यातल्या विद्यार्थ्याला हे नुसते वाचायचे नाही, बांधावर जाऊन विचारता येते. ही संधी दिल्लीत बसलेल्या मुलाला नाही.

करांच्या बाबतीत दोन्ही वाटा एकमेकींशी भांडतात, आणि मला तो भाग सर्वांत आवडतो. फ्रँक रॅम्सी यांचा १९२७चा नियम सांगतो, किंमत वाढूनही ज्या वस्तूची मागणी फारशी घटत नाही तिच्यावर कर जास्त ठेवा. पेट्रोल त्यात चपखल बसते. पण मनोहर पर्रीकरांनी २०१२ साली गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला. नियम मोडला का? इतक्या लवकर उत्तर देऊ नका. पत्रादेवीच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रातले बांदा, सावंतवाडी आहे. दर उतरला की पलीकडची गाडी अलीकडे टाकी भरते, म्हणजे छोट्या राज्याला भेटणारी मागणी अख्ख्या देशाच्या मागणीपेक्षा कितीतरी लवचीक असते, किंमत थोडी बदलली तरी खूप बदलते. हे सूत्राने दाखवायला सिद्धांत लागतो. बुडालेला महसूल वाढलेल्या विक्रीतून किती भरून आला हे शोधायला सीमेलगतच्या पेडण्याच्या पंपांचे आणि अर्थसंकल्पाचे आकडे लागतात. पेट्रोल अजून जीएसटीबाहेर असल्यामुळे हा प्रश्न जिवंत आहे.

कल्याणाचे अर्थशास्त्र, म्हणजे समाजाचे भले कशात हे तपासणारा भाग, सिद्धांताकडे जास्त झुकते. ॲरो आणि अमर्त्य सेन वाचताना बरेच जण कंटाळतात, पण गृहिणींना दरमहा मदत देणारी गोव्याची गृह आधार योजना समोर ठेवून वाचा. वर्षाला तीन लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आणि महिन्याला १५०० रुपये. मर्यादेच्या अगदी काठावरच्या घरात थोडे अधिक पैसे आले की वर्षाचे १८,००० जातात. अशा घराने जादा काम का घ्यावे? मिरलीसने १९७१ साली उत्पन्नकराबद्दल विचारलेल्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. आयव्यय शिकलेला विद्यार्थी या योजनेचा एकूण खर्च सांगेल. मर्यादेची ही धार त्याच्या नजरेतून सहज निसटते.

नोकरीसाठी फार फरक पडत नाही. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेत सार्वजनिक वित्त आहेच. पर्वरीत राज्याच्या नियोजन आणि सांख्यिकी खात्याचे काम आयव्ययाच्या जवळचे. पीएच.डी. करायची असेल तर मात्र सिद्धांताला पर्याय नाही.

माझे मत स्पष्ट आहे. कलन येत असेल, किंवा सहा महिने घाम गाळून शिकायची तयारी असेल, तर सिद्धांत घ्या. वित्त आयोगाचा अहवाल नोकरीला लागल्यावरही वाचता येतो. पंधराव्या आयोगाने गोव्याला राज्यांना वाटल्या जाणाऱ्या केंद्रीय करांतला ०.३८६ टक्के वाटा का दिला हे त्यातून कळते. लाग्रांजची पद्धत (मर्यादा पाळून सर्वोत्तम पर्याय काढायची कलनातली रीत) तिशीनंतर एकट्याने शिकणारे मी फार थोडे पाहिले.

बारावीला गणित सोडले असेल आणि आता वळायचे नसेल, तर आयव्यय मनापासून घ्या, कमीपणा मानू नका. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबियातला प्रबंध ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता आणि केंद्र-प्रांतांच्या पैशांचे नाते त्यात त्यांनी मुळापासून उलगडले. फक्त निवडीनुसार तयारी आतापासून करा. सिद्धांत घेणाऱ्याने निकाल लागेपर्यंत रोज इष्टतमीकरणाची, म्हणजे सर्वोत्तम पर्याय काढायची, दोन गणिते सोडवावीत, आणि आयव्यय घेणाऱ्याने गोव्याचा यंदाचा अर्थसंकल्प पहिल्या पानापासून वाचायला घ्यावा.