यूव्ही क्रॉसलिंकर, ९ महिने वापरल्यावर: मशीन चांगलं, पण मागची ट्यूब बघत जा

सर्व्हिसवाल्यांनी आज पूर्ण बोर्ड बदलायचं कोटेशन पाठवलं आणि डोकंच सटकलं, म्हणून लिहितेय. यूव्ही क्रॉसलिंकर म्हणजे अतिनील प्रकाशाने आरएनए आणि त्याला टेकलेली प्रोटीन्स पक्की जोडणारी पेटी. स्पेक्स: २५४ नॅनोमीटर तरंगलांबी, ८ वॅटच्या पाच ट्यूब. आमचं काम ७एसके या नॉनकोडिंग (ज्याच्यापासून प्रोटीन बनत नाही अशा) आरएनएवर, लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या हेक २९३ पेशींमध्ये त्याला कोणती प्रोटीन्स धरून असतात ते शोधायचं. म्हणजे जिवंत पेशींवर यूव्ही मारायचा, बायोटिनवाल्या प्रोबने (त्या आरएनएला जुळणारा छोटा तुकडा, बायोटिन हा त्याला बीड्सवर पकडायचा हुक) आरएनए ओढायचा आणि सोबत आलेलं सगळं मास स्पेकला, म्हणजे प्रोटीन्स ओळखणाऱ्या यंत्राला, द्यायचं.

पहिले पाच-सहा महिने मी याच्यावर जाम खूश होते. आधी फॉर्मल्डिहाइड वापरायचो तेव्हा आरएनएबरोबर अख्खं गाव यायचं, रायबोसोमची प्रोटीन्ससुद्धा. फॉर्मल्डिहाइड प्रोटीन्सना एकमेकांनाही जोडतं, यूव्ही मात्र आरएनएला थेट टेकलेल्यालाच जोडतो. पहिल्याच रनला लार्प७, मेपसीई, हेक्सिम१ ही ७एसकेला थेट धरणारी प्रोटीन्स यादीत वर आणि सीडीके९ हे प्रोटीन जवळपास गायब, जे बरोबरच आहे, ते हेक्सिमच्या आधाराने येतं. ती यादी मी दहा वेळा तरी उघडून बघितली असेल.

मग ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रोटीन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) लार्प७चा पट्टा फिका यायला लागला. दोन महिने मी पेशींना, अँटीबॉडीला, बीड्सना दोष देत बसले, नवीन प्रोबही मागवले आणि त्यात किती पैसे गेले ते लिहवत नाही. शेवटी प्लेटांवर मार्करने जागा लिहून ठेवल्या तेव्हा कळलं, फक्त मागच्या ओळीचा पट्टा जातोय. मशीन बंद करून आत वाकून बघितलं तर मागची ट्यूब टोकांना काळी पडलेली. सेन्सर एकाच जागी, तिथे ४०० मिलिज्यूलचा ठरवलेला डोस भरला की बीप देऊन मोकळा. यूव्हीने मुळात जोड बसतात थोडेच, त्यात मागची ओळ उपाशी राहिली तर कोट्यवधी पेशी वाया. यासाठी मी मशीनच्या रेटिंगचे दोन स्टार कापले होते.

बोर्ड नाही बदलला. जी८टी५ (याच ८ वॅटच्या, २५४वाल्या) ट्यूब बाहेर सुट्या मिळतात, पाचही एकदम बदलल्या. त्याच मापाची ३६५ नॅनोमीटरवाली चुकून घेऊ नका, ती चालवायची तर पेशींना आधी ४-थायोयुरिडिन (आरएनएत शिरून ३६५लाही जोड बसू देणारा घटक) द्यावं लागतं. आता प्लेटांची झाकणं काढून, पेशी थंड पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावण), बर्फावर ठेवते आणि अर्ध्यात प्लेटा पुढेमागे करते. कालच्या ब्लॉटला सगळ्या जागांचे पट्टे सारखे आले. एक स्टार परत दिला, दुसरा सेन्सरपायी गेला तो गेलाच.