बायोस्केच दुसऱ्याच्या हाती दिला तेव्हा

संशोधन अनुदानाच्या अर्जाला जोडायचा बायोस्केच, म्हणजे संशोधकाचा थोडक्यात व्यावसायिक परिचय, मी पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतला आणि त्यात फसलो. अर्ज अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे जायचा होता आणि मुदतीला नऊ दिवस उरले होते. ‘अनुदानासाठी प्रोफाइल बनवून देतो’ म्हणणाऱ्या एका सेवेने निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि जुन्या सीव्हीबरोबर माझ्या ऑर्किड (ORCID, संशोधकांना स्वतंत्र ओळख क्रमांक देणारी सेवा) खात्याचा पासवर्डही मागितला. ‘नोंदी अद्ययावत कराव्या लागतील’ हे कारण मला पटले, याची आज लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या दिवशी रंगीत पट्ट्यांनी सजवलेली वर्ड फाइल आली. माझे २३ शोधनिबंध ४१ झाले होते. यादी खालून वाचायला घेतली, तर शेवटचा निबंध १९९४ सालचा. त्या वर्षी मी सहावीत होतो. आडनाव आणि आद्याक्षरे जुळणाऱ्या भलत्याच संशोधकांचे काम माझ्या नावावर चढवले होते. नामसाधर्म्याचा हा घोळ टाळण्यासाठीच २०१२ मध्ये ऑर्किडचा १६ अंकी क्रमांक सुरू झाला, आणि घोळ घातला गेला तो नेमका त्याच खात्यात. शिवाय परीक्षणासाठी पाठवलेला माझा एक निबंध ‘स्वीकृत’ दाखवला होता, तर ज्यात मी चौथा लेखक आहे त्या निबंधातून आधीच्या तिघांची नावे गाळली होती.

मी नियम आधी वाचले असते, तर ही भर किती निरर्थक आहे ते तेव्हाच कळले असते. या बायोस्केचमध्ये प्रस्तावाशी निगडित अशी जास्तीत जास्त ५ आणि इतर ५ कामेच देता येतात. ऑक्टोबर २०२३ पासून तो सायएनसीव्ही (SciENcv) या ऑनलाइन प्रणालीतच तयार करावा लागतो, त्यामुळे ती देखणी वर्ड फाइल जोडताच आली नसती. तिथे मदतनीस नेमता येतो. पण माहिती अचूक, पूर्ण आणि अद्ययावत असल्याचे प्रमाणित करणे त्याला जमत नाही, ते संशोधकालाच करावे लागते. म्हणजे त्या खोटेपणाखाली सही माझीच पडली असती.

तक्रार केल्यावर त्यांनी उरलेली रक्कम मागितलीच, वर ‘दुरुस्ती शुल्क’ही लावले. मी नकार दिला, आणि दुसऱ्या सकाळी ऑर्किडचा पासवर्ड चालेना. सुदैवाने नोंदवलेला ईमेल माझाच राहिला होता, म्हणून खाते परत मिळाले. ऑर्किडमध्ये पासवर्ड न देताही विश्वासातल्या व्यक्तीला नोंदी संपादित करण्याची परवानगी देता येते, हे मला त्यानंतर कळले.

त्या रात्री १८ नोंदी एकेक करून काढल्या. प्रत्येक नोंदीखाली स्रोत म्हणून माझेच नाव होते.