नागपुरात पहिला वस्तरा: काय घ्यावं, काय राहू द्यावं

इतवारीत सलूनच्या सामानाच्या दुकानात वस्तरा मागितला की काउंटरवर बहुतेक वेळा येतो तो अर्धं ब्लेड अडकवायचा, मिटणारा होल्डर. बाहेर त्याला शेव्हेट म्हणतात. इथे दुकानदार आणि सलूनवाला दोघंही त्याला वस्तराच म्हणतात. दगडावर धार लावायचा आणि दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा खरा वस्तरा बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. आधी शेव्हेटवर हात बसवू, मग वस्तरा घेऊ, असं अनेकजण ठरवतात. हिशेब बरोबर वाटतो, पण गालावर उलटा पडतो. अर्ध्या ब्लेडची धार फार चिडकी, होल्डर हलका आणि ब्लेडचे दोन्ही कोपरे अणकुचीदार. खरा वस्तरा चुकीच्या कोनात गेला तर आधी खेचतो, चरचरतो, म्हणजे सांगून चावतो. शेव्हेट न सांगता कापतो. त्यामुळे शेव्हेटवर शिकलेल्याला वस्तऱ्याचा हात पुन्हा बसवावा लागतो.

धार लावायची कटकटच नको, असं असेल तर शेव्हेट घ्यावा, त्यात कमीपणा नाही. फक्त पूर्ण स्टीलचा घ्या. भारतातच बनणारा पार्करचा एसआरएक्स जड आहे आणि नवशिक्याला तेच वजन कामी येतं, कारण दाब हाताला द्यावा लागत नाही. प्लास्टिकच्या खाचेत ब्लेड धरणारे स्वस्त होल्डर गरम पाण्याने ढिले पडतात आणि ब्लेड सरकतं. दुकानातच ब्लेड लावून बघा: धार दोन्ही टोकांना सारखीच बाहेर हवी. एक टोक अर्धा मिलिमीटर जरी जास्त डोकावलं, तरी कापणार तेच. ब्लेड कागदातून काढू नका, कागदासकट मधोमध दुमडून मोडा. वापरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात साठवा. कचरागाडीवरच्या माणसाने हात कापून का घ्यावा?

आता खरा वस्तरा. पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश इंच रुंदीचं, म्हणजे साधारण 16 ते 19 मिलिमीटरचं पातं घ्या. टोक गोल असावं. चौकोनी, टोकदार टोक मिशीच्या कडेला छान दिसतं आणि कानाच्या पाळीला लागतं. पातं हाफ हॉलो किंवा फुल हॉलो, म्हणजे दोन्ही बाजूंनी कमी किंवा जास्त खोलगट घासलेलं, दोन्ही चालतं. जाड पाचरीसारखं पातं घेऊ नका, त्याला धार लावताना खूप जास्त धातू घासावा लागतो. पोलाद कार्बनचं असेल तर धार लवकर येते आणि गंजही लवकर येतो. स्टेनलेस पावसाळ्यात बरं पडतं, पण दगडावर वेळ जास्त खातं. मूठ प्लास्टिकची असलेली उत्तम. शिंगाची किंवा लाकडाची मूठ देखणी असते खरी, पण नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ती आकसून वाकते, पातं मिटताना मधोमध न बसता मुठीच्या आतल्या बाजूला घासतं आणि धारेला दात पडतात.

खरेदीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच: दाढीला तयार धार लावून पाठवता का? कारखान्यातून आलेली धार दाढीच्या लायकीची असेलच असं नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या डोव्हो कंपनीचा वस्तराही कित्येकदा दगडावर थोडं काम करून घ्यावा लागतो. तिथल्याच राल्फ ऑस्ट या कारागिराचे वस्तरे मात्र तयार धारेचे येतात. आयातकर धरून असा वस्तरा दहा हजारांच्या पुढे जातो. स्वस्तात चिनी गोल्ड डॉलर 66 आहे. त्याचं पोलाद किमतीच्या मानाने चांगलं, पण घासकाम वेडंवाकडं. पात्याच्या टाचेजवळचा, म्हणजे मुठीकडच्या टोकाचा, जाड खांदा दगडाला टेकतो आणि त्यामुळे टाचेकडची धार दगडाला लागतच नाही. तो खांदा आधी घासून कमी करावा लागतो. ते जमणारं कोणी हाताशी नसेल तर गोल्ड डॉलर म्हणजे सुंदर पेपरकटर.

आणि कोणताही वस्तरा सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला देऊ नका. सुरी-कात्रीला तो ठीक आहे. वस्तऱ्याची धार मात्र इतकी पातळ की चाकाच्या उष्णतेने तिचं पाणी उतरतं, आणि धारेचा कोन गेला तो गेलाच. वस्तऱ्याचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकल्या की 16-17 अंश आपोआप साधतात. पाठ उचलायची नाही, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

पहिल्या वर्षात दगड विकत घ्यायची गरज नाही. 1000 ग्रिटच्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) कोन बसवणं, 4000-8000 वर ओरखडे उतरवणं, 12000 वर शेवटचा हात, हा सगळा खर्च वस्तऱ्याइतकाच होतो, शिवाय दगड सपाट ठेवणं हे वेगळंच काम. त्याऐवजी खर्च पट्ट्यावर करा. वस्तरा चारचौघांत मिरवता येतो, पट्टा नाही, म्हणून लोक तिथेच काटकसर करतात आणि दोन महिन्यांत वस्तऱ्याच्या नावाने बोटं मोडतात.

पट्टा 3 इंच रुंद, 18 ते 20 इंच लांब, एका बाजूला चामडं आणि दुसऱ्या बाजूला जाड सुती किंवा लिननचं कापड, असा घ्या. रुंदी पात्याच्या लांबीइतकी असली की तिरपं ओढावं लागत नाही. चामड्यावर घडी किंवा सुरकुती असेल तर घेऊ नका. पट्टा खिडकीच्या कडीला अडकवून ताठ ओढा. झोळ पडला की धार कडेला गोल होते. वस्तरा पाठ पुढे, धार मागे ठेवून न्यायचा आणि वळवताना पाठीवरूनच पालटायचा. धारेवरून पालटला की पट्टा चिरतो, आणि सगळ्यांचाच चिरतो. म्हणून पहिला पट्टा महागाचा नको. बारीक चीर 600 च्या पॉलिशपेपरने मऊ करता येते. उचललेलं कातडं तसंच ठेवलं तर पुढच्या वेळी धारच मोडते. दाढीपूर्वी कापडावर 30, चामड्यावर 60 फेऱ्या, वस्तऱ्याच्या वजनापेक्षा जास्त दाब न देता. वेग नको. सलूनमधला फटाफट आवाज वर्षानुवर्षांच्या हाताचा असतो.

तीन-चार महिन्यांनी केस खेचले जायला लागले की कापडावर 0.5 मायक्रॉनची हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट चोळून दहा फेऱ्या मारा. चामड्याला पेस्ट लावू नका. तरीही खेचत असेल तर दगडाची वेळ झाली.

ब्रश, साबण यांवर फार डोकं चालवायची गरज नाही. डुकराच्या केसांचा ब्रश आणि दुकानातलं कोणतंही बऱ्यापैकी शेव्हिंग क्रीम चालतं. पाणी मात्र बघा. बोअरच्या जड पाण्यात फेस बसतच नाही. एक वाटी आरओचं पाणी घेतलं तर त्यात पूर्ण दाढी होते. दुसरं, कूलरच्या वाऱ्यात बसू नका. उन्हाळ्यात गालावरचा फेस मिनिटभरात सुकतो आणि सुकलेल्या फेसावर पातं अडकतं. एका वेळी एकच गाल माखा.

पहिले आठ-दहा दिवस फक्त कल्ल्याखालचे गाल करा, केस ज्या दिशेने जातात त्याच दिशेने, पाठ कातडीपासून साधारण दीड-दोन पाठींच्या जाडीइतकी वर, म्हणजे सुमारे 30 अंशांवर. दुसऱ्या हाताने कातडी ताणा. हनुवटी आणि वरचा ओठ नेहमीच्या रेझरने. तुरटीचा खडा किराण्यात मिळतो. ती लावल्यावर हात धुतल्याशिवाय पात्याला हात लावू नका.

जून उजाडला की वस्तरा बाथरूममधून बाहेर काढा. पुसून, पाठीच्या कडेने मऊ कपडा फिरवून, मुठीच्या फटीतलं पाणी झटकून, दोन तास उघडा ठेवा आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पात्यावर पसरवा. चामड्याच्या डबीत कोंबू नका, तिथे ओल अडकते. पट्ट्यालाही बुरशी धरते, त्यामुळे तो कपाटात नको, वाऱ्यावर लटकू द्या. पात्याच्या पाठीवर काळा ठिपका पडला तर तो दिसायला वाईट, एवढंच. धारेवर पडला तर तिथून तुकडा उडणार, तो वस्तरा तेव्हाच बाजूला काढा.