लेन्स गेलेला पीएस३ आणि त्याच्यावर अजून चालणारे डाउनलोडवाले गेम

माझा पीएस३ स्लिम, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ३ हे गेम खेळायचं मशीन, दोन वर्षांपासून डिस्क वाचत नाही. डिस्क आत घेतो, घर्र घर्र करतो आणि मग काही आत घेतलंय हेच विसरून जातो. ठाण्यातल्याच एका रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने न उघडताच सांगितलं लेन्स गेली, आणि असा आकडा सांगितला की त्यात सेकंडहँड अख्खं मशीन आलं असतं. परत आणला तर खालचा एक रबराचा पाय गायब, आता तिथे औषधाच्या बाटलीचं झाकण लावलंय आणि मशीन जरा पूर्वेकडे झुकून बसतं. असो.

पण त्या लेन्समुळे एक बरं झालं. डिस्क बंद म्हटल्यावर सोनीच्या ऑनलाइन स्टोअरमधून उतरवलेले छोटे छोटे गेम तेवढे उरले आणि तेव्हा कळलं की या मशीनचा खरा माल तिथेच होता, आपण मात्र दहा वर्षं गाड्या आणि बंदुका करत बसलो. त्यातला जर्नी हा गेम सगळ्यांना माहितीये, त्याबद्दल नाही बोलत. बाकीच्यांबद्दल बोलतो.

आधी कामाचं. पीएस३ चं स्टोअर सोनी २०२१ मधे बंद करणार होती, लोकांनी बोंबाबोंब केली म्हणून त्याच एप्रिलमधे निर्णय मागे घेतला. पण ऑक्टोबर २०२१ पासून मशीनवरून कार्डाने पैसे भरता येत नाहीत, आधी मोबाईल किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरून वॉलेटमधे पैसे टाकायचे आणि मग मशीनवर खरेदी करायची. अकाउंटला दोन टप्प्यांचं लॉगिन लावलेलं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, अकाउंट सेटिंगमधून डिव्हाइस सेटअप पासवर्ड काढावा लागतो, मला हे कळायला दीड रविवार लागला आणि मधेच मी पासवर्ड चुकतोय समजून तीनदा बदलला. निन्टेंडोच्या वी यू आणि थ्रीडीएस या मशीनच्या दुकानात मार्च २०२३ पासून खरेदी बंद आहे, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला गेलं. पीएस३ चं म्हणजे अर्धं शटर खाली ओढलेलं किराणा दुकान आहे, वाकून आत गेलं तर माल मिळतो, पण किती वाजेपर्यंत ते मालकालाच माहीत.

तर पहिला आणि सगळ्यात वरचा, टोकियो जंगल. २०१२ चा. जपानमधे डिस्कवर आला होता, अमेरिका-युरोपात नुसता डाउनलोडवर, म्हणून बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटला. माणसं गायब झालीयेत, टोकियोचं शिबुया ओसाड पडलंय, रस्त्यात गवत उगवलंय, आणि तुम्ही कोण, तर एक पॉमेरियन. हो, तेच केसाळ, सोफ्यावर बसणारं. मांसाहारी नको असेल तर हरीण घ्या. भुकेचा काटा सतत खाली येत असतो, मिनिटामिनिटाला एक वर्ष संपतं, त्यात शिकार करायची, इलाका मार्क करायचा, जोडीदार शोधायचा, पिल्लं झाली की पुढची पिढी तुमच्या हातात. पिल्लं जितकी जास्त तितके जीव जास्त, कारण मागून सगळं टोळकं येतं आणि एक मेलं की दुसरं पुढे होतं. जोडीदार चांगला नाही मिळाला तर अंगावर पिसवा पडतात, हे मला फार आवडलं. गवतात दबा धरून बसलं की समोरच्या प्राण्यावर जबड्याची खूण येते, त्या क्षणाला बटण दाबलं तर एका झटक्यात काम तमाम.

आई शेजारी बसून शेंगा सोलत होती, तिने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे हे तर खालच्या काकूंचं पॉमेरियन." त्यानंतर ते पॉमेरियन एका तरसाच्या तोंडी गेलं तेव्हा ती खरंच उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी विचारलंन, "काल वाचलं का रे ते?"

खोट काढायची तर ग्राफिक्स तेव्हाही जुनेच होते, आणि विषारी धूर पसरला की खायला काहीच मिळत नाही, चाळीस मिनिटांची मेहनत दोन मिनिटांत पाण्यात. स्टोरीचे भाग उघडायला सर्व्हायव्हलमधे, म्हणजे नुसतं जगत राहायच्या खेळात, वस्तू गोळा कराव्या लागतात, तेही कंटाळवाणं. पण दोघं एका टीव्हीवर खेळू शकतात आणि कुत्र्याला टोपी घालता येते, मग अजून काय पाहिजे.

दोघांवरून आठवलं, पिक्सेलजंक मॉन्स्टर्स. क्योटोच्या क्यू गेम्सचा, हा स्टुडिओ डिलन कथबर्टने काढला, निन्टेंडोचा स्टार फॉक्स गेम बनवणाऱ्यांतला तोच. टॉवर डिफेन्स आहे, म्हणजे राक्षस ओळीने येतात आणि आपण वाटेत तोफा उभ्या करायच्या, पण इथे वरून बोट दाखवून काम होत नाही, तुमचा मुखवटा घातलेला टिकी माणूस जंगलात स्वतः पळतो. झाडापाशी जायचं, झाडाचा टॉवर करायचा. मेलेल्या राक्षसाची नाणी पडतात ती चालत जाऊन उचलायची. आणि टॉवर मजबूत करायचा तर त्याच्या शेजारी उभं राहून नाचायचं! आता नाचत बसलं की नाणी जातात, नाण्यांमागे पळालं की टॉवर कच्चा राहतो. माझा भाचा कळव्याहून शनिवारी येतो, त्याची आणि माझी सगळी भांडणं यावरच, "मामा तू नाच, मी पैसे उचलतो", आणि हा पठ्ठ्या पैसे उचलून चुकीच्या जागी तोफ बांधतो, तोफ फक्त जमिनीवरच्यांना मारते आणि वरून उडणारे येतायत. राक्षसांपासून वाचवायची वीस पिल्लं झोपडीत असतात, एकही न गमावता लेव्हल संपवायची म्हणजे घामच निघतो. दिसायला लहान पोरांचा वाटतो, पण अवघड आहे, चांगलाच अवघड, त्यामुळे सोप्या अपेक्षेने घेऊ नका.

द लास्ट गाय, २००८. याच्यासारखा दुसरा गेम मी बघितलेला नाही. नकाशे म्हणजे वरून काढलेले खऱ्याखुऱ्या शहरांचे फोटो, त्यावर मुंगीएवढे तुम्ही. झोंब्यांपासून लपलेली माणसं इमारतींमधून बाहेर काढायची, ती तुमच्या मागे रांग लावतात, आणि ही रांग वाढत वाढत इतकी लांब होते की संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची लागते ना, अगदी तशी. वळणावर शेपूट कुठल्या झोंब्याला लागली की रांग तुटते आणि माणसं परत इमारतीत पळतात. उष्णता दाखवणारा कॅमेरा आहे, त्यात माणसं कुठे आहेत ते दिसतं पण झोंबी दिसत नाहीत, म्हणजे बघायचं पण पटकन, नाहीतर मेलात. संगीत विचित्र आहे, दोन लेव्हलनंतर डोक्यात बसतं. एका बैठकीत तीन शहरांच्या वर मला नाही जमत, डोळे दुखतात.

इकोक्रोम शांत डोक्याचा. पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेघांचे जिने आणि एक चालणारं बाहुलं, बस. तुम्ही बाहुल्याला हातही लावायचा नाही, फक्त बघायचा कोन फिरवायचा. खड्डा खांबाच्या मागे लपला तर खड्डा नाहीच. दोन वेगळे जिने एका कोनातून जोडलेले दिसले तर ते जोडलेलेच. डच चित्रकार एशरची ती अशक्य जिन्यांची चित्रं बघितली असतील तर लगेच कळेल. मागे नुसती तंतुवाद्यं वाजतात. ऑफिसमधून लोकलने उभ्याने आल्यावर हा लावा. अर्थात बाहुलं फार हळू चालतं, उत्तर सापडलेलं असतं आणि आपण त्याच्या पोचण्याची वाट बघत बसतो.

रेन (२०१३) मी मुद्दाम जुलैसाठी ठेवला होता. मुलगा अदृश्य आहे, पावसात भिजला तरच त्याची आकृती दिसते, छपराखाली गेला की नुसते ओले पाय उमटतात. तुम्हाला दिसत नाही म्हणजे राक्षसांनाही दिसत नाही, सगळा गेम या एका कल्पनेवर. बाहेर आपला धो धो पाऊस, खिडकीच्या ग्रिलवर पत्र्याचा आवाज, टीव्हीत पण पाऊस, आणि मधेच लाइट गेली. सेव्ह आपोआप होतं म्हणून वाचलो. तीन-चार तासांत संपतो, शेवटाकडे तेच तेच येतं, पूर्ण किमतीला घेऊ नका, सेल लागला तर घ्या. पण त्या पावलांच्या खुणा माझ्या लक्षात राहिल्यात.

सुपर स्टारडस्ट एचडी, २००७, फिनलंडच्या हाउसमार्कचा. ग्रहाभोवती फिरत दगड फोडायचे. ट्रॉफी, म्हणजे गेममधे काही करून दाखवल्याबद्दल मिळणारं बक्षीस, हा प्रकार पीएस३ वर पहिल्यांदा आला तो याच गेममधे. बाकी सांगण्यासारखं काही नाही, कुकर तीन शिट्ट्या होईपर्यंत एक डाव होतो.

जुनं मशीन घेणार असाल तर अजून दोन गोष्टी. हार्डडिस्क लॅपटॉपवाली अडीच इंची साटा लागते, स्वतः बदलता येते, फक्त नवीन हार्डडिस्क घातली की सिस्टीम फाइल पेनड्राइव्हवरून परत टाकावी लागते आणि पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमधेच हवा. आणि सेव्ह आधी बाहेर कॉपी करून ठेवा, मी नाही ठेवले. कंट्रोलरला जुनी मिनी यूएसबी केबल लागते, ती आता दुकानात मागितली तर पोरं मायक्रोची काढून देतात, मला शेवटी कपाटातल्या जुन्या कार्डरीडरबरोबरची सापडली. लांबीला हातभर आहे, त्यामुळे चार्जिंगला लावून खेळायचं तर टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं. भाचा म्हणतो, "मामा, तू देवासमोर बसल्यासारखा दिसतोस." परवा त्याच अवस्थेत पॉमेरियनच्या नवव्या पिढीपर्यंत पोचलो, आईला हाक मारली, ती आली, बघितलंन आणि म्हणाली, "टोपी कुठंय त्याची?"