पाहुणा कलाकार: कॉलेजात बसवावा की कारागिराच्या कारखान्यात?

रेसिडेन्सीचं, म्हणजे बाहेरच्या कलाकारानं काही आठवडे इथं राहून काम करण्याचं, पत्र आलं, पैशांची सोय झाली, व्हिसा मार्गी लागला, की यजमानापुढं खरा प्रश्न उरतो तो जागेचा. महिना-दीड महिना हा माणूस बसून काम करणार कुठं? कोल्हापुरात याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे कला महाविद्यालय. दुसरं म्हणजे कारागिराचा चालता कारखाना: बापट कॅम्पातल्या कुंभाराचा, नाहीतर सुभाषनगरातल्या चप्पल करणाऱ्याचा. मी दोन्हीकडं कलाकार बसवून पाहिलेत. आज कुणी विचारलं तर माझं मन कारखान्याकडं झुकतं. तरी कॉलेजची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही.

कॉलेजात मुलं गोळा करावी लागत नाहीत. तीस-चाळीस जण एका वेळी बघतात, त्यातले पाच-सहा शेवटपर्यंत चिकटून राहतात, आणि पाहुणा गेल्यावर त्यानं दाखवलेलं वर्गात पुढं चालू राहतं. दळवीज, कलानिकेतन यांच्यासारख्या कलाशिक्षणाच्या संस्थांमुळं इथल्या मुलांचा हात आधीच तयार असतो, त्यामुळं कलाकाराला अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागत नाही. स्वच्छतागृह, वीज, इंटरनेट यांची चिंता नाही. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांत त्याच्या मुक्कामाची नोंद सरकारकडं करावी लागते (पूर्वीचा फॉर्म सी). तो कॉलेजच्या गेस्टहाऊसवर उतरला तर ते काम कार्यालय करतं, आपल्या घरी उतरला तर आपण करायचं. छापचित्रं, व्हिडिओ, रेखाटन असं काम असेल, तर पुढचं न वाचता कॉलेज निवडलंत तरी चालेल असं मला वाटतं.

मला जे नडलं ते म्हणजे कॉलेजच्या हॉलची किल्ली.

पोलंडहून एक सिरॅमिक कलाकार आली होती. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, हे तिला ठाऊक होतं. भारतात कुठं जायचं असं विचारल्यावर तिनं कोल्हापूर मागून घेतलं ते त्यासाठीच. ती चाकावर काम करत नसे, मातीच्या वळ्या एकावर एक रचून मोठी भांडी करायची. हे काम एका बैठकीत होत नाही. खालचा थर जरा आवळून आल्याशिवाय वरच्याचं वजन पेलत नाही, आणि तो फार वाळला तर वरची वळी त्याला धरत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी ओलं फडकं, वरून प्लास्टिक, आणि सकाळी लवकर उघडून बघणं आलं. आमचा हॉल साडेपाचला बंद व्हायचा. किल्ली शिपायाकडं, आणि तोही बिचारा कार्यालयाच्या वेळेला बांधलेला. रविवारी तर कुणीच नाही. एका शनिवारी हॉल सत्कार समारंभाला लागला, म्हणून अर्धी ओली भांडी व्हरांड्यात हलवण्यात आली. सोमवारी बघतो तर वाऱ्याच्या अंगाच्या कडा वाळून तडकलेल्या, भिंतीकडची बाजू अजून गार आणि ओली. मुलींनी आठवडाभर मन लावून रचलेली भांडी होती ती. पाहुणी काही बोलली नाही. तिनं तुकडे बादलीत टाकले आणि माती पुन्हा भिजत घातली.

कुणी मुद्दाम केलं असं नाही. कॉलेजला परीक्षा, कार्यक्रम, तपासणी सगळंच सांभाळायचं असतं. पण अशी ओढाताण रोज संध्याकाळी झाली की पाहुण्याचा निम्मा जीव आवराआवरीतच जातो.

पुढच्या वेळी कलाकाराला कुंभाराच्या घरीच बसवलं. कारखाना पुढं, घर मागं. तिथली काकू पहाटे उठली की आधी कामाशी जायची, बोटानं कड दाबून बघायची आणि गोणपाट एकाच बाजूनं थोडं उचलून ठेवायची. पाहुणीनं हात पुढं केला की म्हणायची, ‘‘आत्ता नगं पोरी, ऊन वर येऊ दे.’’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहुणीही गोणपाट तसंच उचलायला लागली. कॉलेजची मुलं तासांच्या आधी सकाळी सातला यायची ती खास हे बघायला. हॉलमध्ये ते त्यांना कधीच दिसलं नसतं, कारण त्या वेळेला तिथं कुलूप असायचं.

शिवाय हे गाव कारखान्यातच शिकलेलं आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करत करत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि 1929 साली त्यांनी इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली. बंगळुरूला गोएथे इन्स्टिट्यूट ही जर्मन सांस्कृतिक संस्थाही आपल्या रेसिडेन्सीत कलाकाराला स्थानिक यजमानांशी जोडून देतं, त्यामुळं कॉलेज नसेल तर रेसिडेन्सीच होत नाही, ही भीती नको.

आता कारखान्याच्या अडचणी. जागा लहान, एका वेळी सहा-सात मुलं जेमतेम मावतात. स्वच्छतागृहाचं आधी बघून ठेवा, हा विषय संकोचानं टाळू नका. मुलींच्या पालकांना एकदा तिथं घेऊन जा, चहा होऊ दे, मग शंका राहत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारागिराची मजुरी. पाहुण्याशेजारी बसून तो जितका वेळ दाखवतो तितका त्याचा धंदा थांबतो. कलाकाराला मानधन आणि ज्याच्याकडून तो शिकतो त्याला फक्त शाल-नारळ, हे मला पटत नाही. बजेटमध्ये कारागिराच्या मजुरीची ओळ पहिल्याच दिवशी घाला. पैसे देणाऱ्या संस्था याला सहसा नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

चप्पल करणाऱ्यांकडं जाणार असाल तर आणखी एक. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला कोल्हापूरचं नावही न घेता झळकल्या. तेव्हापासून परदेशी माणसानं चपलेच्या वेणीचा किंवा बाजूच्या कानाचा फोटो काढला की ‘‘कशाला पाहिजे?’’ असं विचारलं जातं, आणि ते बरोबरच आहे. कोणता नमुना कुणाचा, फोटो कुठं वापरणार, नाव कसं देणार, हे साध्या मराठीत लिहून, वाचून दाखवून मगच काम सुरू करा.

हंगामही बघावा लागतो. श्रावण-भाद्रपदात कुंभाराकडं गणपतींची घाई असते, तेव्हा त्याच्या दारात पाहुणा नेऊन बसवणं बरं नाही. कुंभारांकडं दिवाळीनंतर जा. चप्पलवाल्यांचं उलटं आहे. पावसात चामडं वाळत नाही, विक्रीही मंदावते, त्यामुळं जून ते ऑगस्ट त्यांना शिकवायला सवड असते. कॉलेजही जूनमध्ये सुरू होतं, म्हणजे मुलंही मिळतात.

दोन्ही साधायचंच असेल तर मुक्काम आणि त्याची सरकारी नोंद कॉलेजकडं द्या, शेवटचं प्रदर्शन शाहू स्मारकाच्या कलादालनात लावा, आणि काम मात्र कारखान्यात ठेवा. कॉलेजच्या प्राचार्यांशी बोलायच्या आधी कारागिराच्या घरी जाऊन या. घरातल्या बाईमाणसांना विचारा, कारण पहाटे गोणपाट त्याच उचलणार आहेत.