बँकेतल्या ठेवीचा विमा: पाच लाखांपर्यंत निर्धास्त, पुढं बँक पारखून घ्या

निपाणीच्या धाकट्या बहिणीनं जमीन विकली आणि पैसे कुठं ठेवायचे हा विषय निघाला. आमच्या बेळगावच्या शहापुरात असे पैसे हातात आले की माणूस आधी गल्लीतली सोसायटी गाठतो. व्याज थोडं जास्त, काउंटरवरचा पोरगा ओळखीचा. मी तिला एवढंच विचारलं, ‘अगं, तिथं ठेवीला विमा आहे काय?’

नाही. डीआयसीजीसी हे रिझर्व्ह बँकेचं महामंडळ. त्याचा विमा सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना आहे. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना (कर्नाटकातल्या सहकारी संस्था) नाही. पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे, रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का ते विचारा.

विमा म्हणून चीज चांगली आहे. हप्ता बँक भरते, आपल्या खिशातून काही जात नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा १ लाखाची ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत पैसे मिळायची सोय झाली. आधी बँक अवसायनात निघेपर्यंत, म्हणजे कायमची बंद होऊन तिचा हिशेब मिटवायला घेईपर्यंत, वाट बघावी लागायची, त्यात कित्येकांची उमेद संपली.

पण पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. टिळकवाडी आणि खडेबाजार अशा दोन शाखांत पैसे वाटले तरी बँक एकच, म्हणजे मर्यादाही एकच. जमीन विकलेल्या माणसाला ही रक्कम अगदीच अपुरी आहे, आणि माझी खरी तक्रार तीच.

म्हणून बँकेचा वार्षिक अहवाल मागून घ्या. निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेलं थकीत कर्ज) किती, भांडवल पर्याप्तता (कर्जाच्या जोखमीच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल) किती, ते बघा. व्यापारी बँकांना ती किमान ९ टक्के लागते, वाईट दिवसांसाठीचं वरचं राखीव भांडवल धरून साडेअकरा. कर्ज कुणाला दिलंय तेही विचारा. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक २०१९ मध्ये कोसळली ती निम्म्याहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाला दिल्यामुळं. आपल्याकडं एखाद्या बँकेचं सगळं कर्ज उसात आणि कारखान्यांत अडकलं असेल, तर एका दुष्काळानं सगळे हप्ते एकदमच थकतील. हे विचारलं की काही मॅनेजर कपाळाला आठ्या घालतात. घालू देत. पैसे आपले आहेत.

रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांकडून जोखमीप्रमाणे विम्याचा हप्ता आकारायचं जाहीर केलं, म्हणजे भक्कम बँकेला कमी. हे फार आधी व्हायला हवं होतं.

बहिणीला मी तीन बँका काढून दिल्या. प्रत्येकीत साडेचार लाखांच्या आतच, व्याजाला जागा ठेवून. या ठेव विम्याला माझ्याकडून पाचपैकी चार तारे.